जुनी पेट्रोल जीप, मागे हौदा: एक आंबा हंगाम आणि एक अख्खा पावसाळा वापरल्यावर

गाडी महिंद्राच्या सीजे-३बी घराण्यातली, सत्तरच्या दशकातली पेट्रोल जीप. मागची बाकं काढून लाकडी हौदा बसवलेला. इंजिन विलिसचं ‘हरिकेन’ एफ-हेड, चार सिलिंडर, २१९९ सीसी. तीन गिअर, फोर-व्हील ड्राइव्ह. बरीच वर्षं मांगरात (बागेतल्या शेडमध्ये) उभी होती, ती पुन्हा चालू केली. काम बागेतलं: आंब्याच्या पेट्या रस्त्यापर्यंत आणणं, शेणखत, गवताचे भारे, कधीमधी चिरे. जागा रत्नागिरी तालुक्यातली, खाडीच्या वाऱ्यावरची.

निकाल आधीच सांगतो. या गाडीत सगळ्यात कमी त्रास इंजिन देतं. किनाऱ्यावर गाडी मरते ती जिथे ओल साठून राहते तिथे: पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, अर्थिंगचे नट आणि चासीच्या आतली माती. बहुतेक जण पैसा आणि उत्साह इंजिनवर संपवतात आणि ब्रेकला जुनेच पाइप ठेवतात. क्रम उलटा हवा. आधी ब्रेक, मग टाकी, मग वायरिंग. इंजिन शेवटी केलं तरी चालतं.

तरी इंजिनाबद्दल थोडं. जाम इंजिनाला सेल्फ मारायचा नाही. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) निम्मं-निम्मं मिसळून साधारण ५० मिली सोडावं आणि आठवडाभर मुरू द्यावं. मग टॉप गिअर टाकून गाडी हातभर पुढे, हातभर मागे ढकलायची. सुटलं की पुढून हँडल. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, आणि सायलेन्सरमधून आत शिरणारी दमट हवा थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर बसते. म्हणून बाजूचं झाकण काढून एकाने हँडल फिरवावं, दुसऱ्याने बघावं. वर गेलेला व्हॉल्व्ह खाली येत नसेल तर तो अडकला आहे. स्टेमवर पेनिट्रेटिंग ऑइल सोडून स्प्रिंगच्या वाटीला पेचकस लावून हळूहळू खाली रेटला तर बहुधा सुटतो. नाही सुटला तर हेड काढावं लागतं, आणि इथे नवखा मिस्त्री फसतो: हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या भोकात लपलेला असतो. तो न काढता पहार लावली तर हेड फुटतं. परत बसवताना टॉर्क ६० ते ७० फूट-पौंड.

सेटिंग एकदा नीट केलं की महिनोन्‌महिने हलत नाही. थंड इंजिनावर व्हॉल्व्हची फट इनटेकला ०.०१८ इंच, एक्झॉस्टला ०.०१६ इंच. पॉइंटची फट ०.०२० इंच, प्लगची ०.०३० इंच, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतानाच्या जागेच्या) आधी ५ अंश, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. कॉम्प्रेशनचा आकडा किती येतो यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक १० पीएसआयच्या आत आहे का, ते बघावं. टायमिंग कव्हर उघडलंच असेल तर गिअरवर ऑइल मारणारा छोटा जेट तारेने साफ करावा. कॅमचा गिअर फायबरचा असतो. जेट तुंबला की तो कोरडा पडून दात सोडतो. बोअरिंग किंवा क्रँक ग्राइंडिंग लागलंच तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम रोजचं आहे, आंबा घाट चढून गेलं की झालं.

आता पेट्रोल. इथे जास्त वेळ घालवावा लागतो.

सध्या पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि कोकणात पाणी हवेतच असतं. टाकी अर्धी ठेवून जुलै-ऑगस्टमध्ये गाडी उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ पेट्रोलमध्ये उतरते. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन तळाला बसतो. इंजिनाचा पंप तळातूनच ओढतो, त्यामुळे गाडी धड चालूही होत नाही आणि कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी जमते. त्यामुळे पावसाळ्यात टाकी एक तर गळ्यापर्यंत भरलेली हवी, नाहीतर पूर्ण रिकामी करून वाळवलेली. मधलं काही नको.

टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, साधारण ४० लिटरची. गंज काढायला लिंबूसत्व पुरतं: लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे भरलेल्या टाकीला दोन किलो, कोमट पाण्यात, एक दिवस-रात्र. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून लगेच सुकवायची, कारण उघडा पडलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडे नेण्याआधी टाकी साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुवावी आणि वेल्डिंग करताना पाण्याने जवळपास भरलेली ठेवावी. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते.

रबर सगळं बदलायचं. साधी काळी नळी बाहेरून छान दिसते आणि आतून फुगून तिचे तुकडे कार्बोरेटरच्या जेटमध्ये जातात. नळीवर ‘एसएई जे३० आर९’ असं छापलेलं बघूनच घ्यावी. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्रॅम व्हायटॉनचा (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा) मिळतो का, ते विचारावं. जुना साठा म्हणून मिळणारं किट स्वस्त असलं तरी घेऊ नये. डायफ्रॅम फाटला की पेट्रोल बाहेर गळत नाही, ते थेट ऑइलमध्ये उतरतं. दर आठवड्याला ऑइलची पट्टी काढून नुसती पातळी बघू नका, वास घ्या. पातळी न भरता वाढलेली आणि पट्टीला पेट्रोलचा वास असेल तर इंजिन सुरूच करायचं नाही. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. ऑइल फिल्टरसह सुमारे पावणेपाच लिटर लागतं, २०डब्ल्यू-५०.

इथेनॉलमुळे मिश्रणही पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. सोलेक्स कार्बोरेटर असेल तर मेन जेट एक पायरी मोठा लावून प्लगचा रंग बघावा. चढावर ओझं घेऊन गेल्यावर प्लग पांढराफटक निघाला तर अजून पातळ आहे, विटकरी-तपकिरी हवा. मे महिन्यात पेट्या भरून बंद केलेली गाडी लगेच सुरू होत नाही, कारण पंपात पेट्रोलची वाफ धरते. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब वळवला की हे बरंच कमी होतं.

ब्रेकला एकच सर्किट आहे. एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. त्यामुळे इथे काटकसर करणं म्हणजे उतारावर जीव टांगणं. साधे स्टीलचे पाइप क्लिपखाली गंजतात, बाहेरून रंग शाबूत दिसतो. क्लिप काढून पेचकसाच्या टोकाने खरवडलं की खरी अवस्था कळते. नवे पाइप ३/१६ इंचाचे, तांबं-निकेल मिश्रधातूचे घालावेत. नुसत्या तांब्याचे नकोत, ते हादऱ्याने कडक होऊन तडकतात. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर यांची किटं बदलताना आतली भिंत बोटाने तपासावी. खड्डे लागले तर नवं किट आठवडाभरात गळतं, सिलिंडरच बदलावा. पेडलला साधारण अर्धा इंच मोकळी चाल ठेवायची. ती नसली तर मास्टरमधलं परतीचं भोक बंद राहतं, ब्रेक धरून राहतात, ड्रम तापतात, आणि मिस्त्री उगीच ड्रम घासत बसतो. ब्रेक ऑइलही ओल ओढतं, त्यामुळे पावसाळा संपला की दरवर्षी पूर्ण बदलावं. हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर आहे. तो उभ्या गाडीसाठीच, चालत्या गाडीत ओढू नये.

दिवे मंद, सेल्फ थकलेला, हॉर्न कधी वाजतो कधी नाही: यातलं बहुतेक दुखणं अर्थिंगचं. खाऱ्या वाऱ्याने नटाखाली हिरवट-पांढरा थर धरतो. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॅटरी बदलू नका, अर्थिंगचा पट्टा बदला. इंजिन ते चासी एक जादा पट्टा टाकला की फरक लगेच जाणवतो. रंग खरवडून पत्रा उघडा करावा, नट घट्ट करावा, आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून नट आवळू नये. हे आम्ही पावसाळ्याआधी केलं होतं आणि चार महिन्यांत एकही जोड पुन्हा उघडावा लागला नाही.

चासीसाठी इथे सगळे जळकं ऑइल मारतात. तात्पुरतं ठीक, पण ते पाट्यांचे रबर बुश फुगवतं आणि पहिल्या मोठ्या सरींत धुऊन जातं. नुसतं रेड ऑक्साइड तर त्याहून फसवं: तो थर पाणी शोषतो, वर रंग नसला तर गंज त्याच्या आतच सुरू होतो. टिकलं ते हे: वायर ब्रश, मग इपॉक्सी प्रायमर, वर रंग, आणि चासीच्या पोकळीत मेणाचं फवारलेलं कोटिंग. त्याआधी हातोडीने चासी ठोकत जावं. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. शॅकलच्या (पाटे चासीला जोडणाऱ्या कड्यांच्या) कानांजवळ आणि मागच्या आडव्या पट्टीत तांबडी माती भरून दगडासारखी बसलेली असते. पाणी जायची भोकं तारेने उघडी करावीत. हाच चिखल पुढच्या चाकांच्या नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या सांध्यात) फेल्टच्या सीलमधून शिरतो. पावसाळ्यात आमचे फेल्ट टिकले नाहीत, दिवाळीनंतर बदलावे लागले. दरवर्षीचा खर्च धरूनच चालावं.

हौद्याला ऐनाच्या फळ्या, मध्ये ६ मिमी फट. फट ठेवली नाही तर श्रावणात फळ्या फुगून एकमेकींना उचलतात. खालच्या बाजूला काजूच्या टरफलांचं तेल उत्तम, वाळवी फिरकत नाही. ते हाताला लागलं तर कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालावेत, आणि पेट्या ठेवायच्या वरच्या बाजूला ते लावू नये.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मधल्या सीलमधून एकमेकांत ऑइल सोडतात, त्यामुळे दोन्ही एकदमच तपासावेत. चालवायला गाडी मंद आहे. ताशी ४५-५०च्या पुढे नेऊ नये. भरलेल्या हौद्याने बागेच्या चढाला पहिल्या लो गिअरमध्ये ती जशी शांत चढते, तशी नवी पिकअप चढत नाही. पेट्रोल मात्र पिते. रोजच्या व्यवसायाला ही गाडी परवडणार नाही.

कागदांचं काम सुरुवातीलाच बघावं. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पण त्या नोंदणीवर रोजचा किंवा धंद्याचा वापर चालत नाही, प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर काढता येते. पेट्या वाहायच्या असतील तर साध्या आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्राचं) नूतनीकरण करून घ्यावं, आणि हौदा बसवल्याची नोंद आरसीवर आहे का, तेही बघावं. चासीचा नंबर आधी हलक्या हाताने साफ करून त्याचा फोटो आणि पेन्सिलीचा ठसा घेऊन ठेवावा, इपॉक्सी त्यानंतर. नंबर वाचता आला नाही तर तपासणीत गाडी तिथेच अडकते.