पाचट कुजवायचं कल्चर: टाकीत नको, ढिगावर घाला

आमचा गोबरगॅस २ घनमीटरचा, दीनबंधू, म्हणजे जमिनीखालच्या पक्क्या घुमटाच्या टाकीचा. त्याला रोज ५० किलो तरी शेण लागतं. दावणीला चार जनावरं होती तोवर कधी कमी पडलं नाही. आता दोनच म्हशी राहिल्या, त्यात पलूसकडची डिसेंबरची थंडी. दहा भाकरी व्हायच्या आत ज्योत बसायची. शेतात मात्र उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, ढिगानं पडलेलं.

म्हणून कृषी सेवा केंद्रातून कल्चरची, म्हणजे पाचट कुजवणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांच्या पावडरीची, १ किलोची पिशवी आणली. पिशवीवर लिहिलंय, पावडर शेणकाल्यात कालवून थेट टाकीत सोडा, गॅस दुप्पट. तसंच केलं, सोबत कुट्टी केलेलं पाचट घातलं. पंधरा दिवसांत पाचट वर तरंगून जाड साय धरली, होता तो गॅसही अडकला. आमच्या ह्यांनी बाहेरच्या तोंडातून बांबू घालून दोन दिवस ढवळलं, तेव्हा कुठं सुटला.

चूक पिशवीवरच्या सूचनेत आहे, पावडरीत नाही. आत ट्रायकोडर्मा आहे, ती बुरशी. तिला हवा लागते. आणि टाकीत मिथेन करणाऱ्या जिवाणूंना हवा अजिबात सोसत नाही. मग पाचटाचं चिवट कवच टाकीत फोडणार कोण?

दुसऱ्या वेळी गोठ्यामागं सावलीत ढीग केला. १० किलो कुट्टी, एक बादली शेणकाला, दोन मुठी पावडर, वर ओलं गोणपाट. चौथ्या दिवशी आत हात ठेववेना इतकी ऊब. उलटून परत झाकलं. बाराव्या दिवशी पांढरट-हिरवी बुरशी, पावसाळी मातीसारखा वास, आणि काडी बोटात धरली की चुरा.

टाकीत घालताना चार बादल्या शेणाला हे कुजलेलं पाचट एक बादली, त्याहून जास्त नको. पाचटात कार्बन फार, नायट्रोजन थोडा, नुसत्या त्यावर जिवाणूंचं भागत नाही. शिवाय एकदम जास्त पडलं तर टाकी आंबते आणि गॅस पेटत नाही. जानेवारीत सकाळच्या भाकरी-आमटीनंतर संध्याकाळचा भातही त्यावर होऊ लागला. दुप्पट म्हणणार नाही, पण माझ्या चुलीला हे पुष्कळ झालं.

घेताना मुदतीची तारीख बघा आणि दुकानात उन्हात ठेवलेली पिशवी घेऊ नका, आतले जीव मेलेले असतात. पिशवीवरची सूचना मात्र कंपनीनं बदलायलाच हवी.

ढीग आता सासूबाईंच्या ताब्यात आहे. त्या गोणपाट उचलून काडी मोडून बघतात, “आज दे” म्हणतात, मगच बादली टाकीकडं जाते.