शेततळ्यासाठी जिवाणू खत: एका हंगामाचा अनुभव

तासगाव तालुक्यातील आमच्या शेततळ्यात कटला, रोहू आणि मृगळ हे मासे आहेत. द्राक्षबागेसाठी खोदलेल्या या तळ्याला प्लास्टिकचे अस्तर असल्यामुळे तळाच्या मातीतून पाण्याला पोषण मिळत नाही, म्हणून ॲझोटोबॅक्टर (हवेतील नत्र स्थिर करणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू असलेले द्रवरूप खत आम्ही वापरून पाहिले.

पहिली बाटली वाया गेली. दुकानदाराने ती उन्हात ठेवली होती आणि झाकण उघडताच कुजका वास आला. सावलीत साठवलेली दुसरी बाटली आम्ही गुळाच्या पाण्यात रात्रभर भिजवून, ऊन चढल्यावर तळ्यात सोडली. जिवाणूही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे किंवा ढगाळ दिवशी ते सोडू नये. दहाव्या दिवशी कोपरापर्यंत हात बुडवला तेव्हा हिरवट पाण्यात तळवा दिसेनासा झाला होता, म्हणजे प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माशांचे नैसर्गिक खाद्य) चांगले वाढले होते. शेणखत आम्ही निम्म्यावर आणले, पूरक खाद्य मात्र कमी करता आले नाही.

लेबलवर जिवंत जिवाणूंची संख्या छापलेली नाही, ही मला गंभीर उणीव वाटते. चुना किंवा पोटॅशियम परमँगनेट (पाणी निर्जंतुक करणारे रसायन) टाकल्यानंतर लगेच हे खत वापरू नये, हेही तिथे लिहायला हवे होते.