दिवा लागायची वाट बघू नका: टायर प्रेशर सेन्सरसोबतचे नऊ महिने

गाडी घेऊन नऊ महिने झाले. चारही चाकांत व्हॉल्वला जोडलेले सेन्सर आहेत आणि स्क्रीनवर प्रत्येक टायरची हवा वेगळी दिसते. हे आकडे सोन्यासारखे आहेत. डॅशबोर्डवरच्या नुसत्या दिव्यावर मात्र विसंबू नका.

घोड्याच्या नालासारखा तो पिवळा दिवा हवा साधारण पाव हिश्श्याने उतरल्यावर लागतो. माझ्या गाडीला ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) लागतात, म्हणजे दिवा लागेपर्यंत २५ झालेले असतात. एप्रिलमध्ये मागच्या डाव्या टायरचा आकडा तीन दिवसांत ३३, ३१, २९ असा घसरला. बाकीचे तिन्ही जागच्या जागी, दिवा बंद. पंक्चरवाल्याने साबणाचं पाणी ओतलं. खाचेत बारीक स्क्रूचं डोकं होतं आणि त्याच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा फुगायचा, फुटायचा, परत फुगायचा. दुसऱ्या दिवशी आईबाबांना घेऊन समृद्धीने नागपूरला निघायचं होतं! हवा कमी असली की टायर सारखा दबतो, आतून तापतो आणि भर वेगात फुटू शकतो. तो बुडबुडा बघून पोटात गोळाच आला.

जानेवारीत मात्र उगाच घाबरलो होतो. नाशिकच्या थंडीत पहाटे चारही आकडे ३० वर. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो, आणि मी हवा भरली होती भर दुपारी. आता सकाळी, टायर गार असतानाच भरतो. चारही सारखे उतरले तर बहुतेक थंडी, एकच उतरला तर थेट पंक्चरवाला. हायवेवर टायर तापून आकडा ३६-३७ होतो, तेव्हा हवा सोडायची नाही.

एका दुकानात टायर उतरवताना पाना नेमका व्हॉल्वपाशी घातला आणि सेन्सर तुटला. नंतर गाडी चालू केली की दिवा मिनिटभर लुकलुकायचा आणि मग तसाच राहायचा. असा लुकलुकला तर बिघाड यंत्रणेत आहे असं समजा. अख्खा सेन्सर नवा घ्यावा लागला. फार वाईट वाटलं. टायरला हात लावू देण्याआधी आत सेन्सर आहे हे सांगाच.

भावाच्या गाडीत चाकात सेन्सरच नाहीत. हवा कमी झालेलं चाक किंचित जास्त वेगाने फिरतं, ते एबीएसवरून (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, ती चाकांचा वेग मोजते) ओळखलं जातं. आकडे दिसत नाहीत, चारही टायर एकदम उतरले तर बऱ्याचदा कळतही नाही. शिवाय हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं. तो विसरतो, मी दर वेळी आठवण करतो.

आणि स्टेपनी! माझ्या गाडीत तिला सेन्सर नाही. नागपूरला निघायच्या आदल्या रात्री तपासली, तर हवा जेमतेम १८.