ईम गावाचे संग्रहालय आणि शिवार: दोन दिवसांच्या भेटीचा अभिप्राय

मुलगी शेफिल्डला नोकरीस असल्यामुळे यंदा मे महिन्यात आम्हा उभयतांना तिच्याकडे राहण्याचा योग आला. तेथून सुमारे वीस किलोमीटरवर, डर्बीशायरच्या डोंगराळ भागात, ईम नावाचे खेडे आहे. इंग्रजी अक्षरे पाहून आम्ही त्याला ‘एयाम’ म्हणत होतो; तेथील लोक मात्र ‘ईम’ असाच उच्चार करतात. लातूर-उस्मानाबादकडचे जे आईवडील मुलांकडे इंग्लंडला जातात आणि लंडन पाहून परततात, त्यांनी या गावासाठी निदान एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचे गाठोडे आले, त्यातील पिसवांबरोबर प्लेग आला आणि त्या घरात काम करणारा जॉर्ज विकार्स पहिला बळी ठरला. पुढच्या उन्हाळ्यात साथ पुन्हा उसळली, तेव्हा तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि पदावरून दूर झालेले आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली या दोघांनी धर्ममतांतील अंतर बाजूला ठेवून गावाला एका निर्णयावर आणले: कोणीही शीव ओलांडायची नाही, प्रार्थना चर्चमध्ये न करता ककलेट डेल्फच्या उघड्या घळीत करायची आणि मृतांना घरच्यांनीच घराजवळ पुरायचे. काही सधन माणसे आधीच निघून गेली होती आणि मॉम्पेसन यांनीही स्वतःची मुले बाहेर पाठवली होती, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्यांची पत्नी कॅथरिन गावातच राहिली आणि ऑगस्ट १६६६ मध्ये गेली. तिची कबर चर्चच्या आवारात, आठव्या शतकातील कोरीव दगडी क्रुसापासून जवळच आहे. चौदा महिन्यांत २६० माणसे दगावली.

संग्रहालय १९९४ पासून एका जुन्या मेथडिस्ट प्रार्थनागृहात आहे आणि छपरावरील वातकुक्कुटाच्या जागी उंदीर बसवलेला असल्याने ते दुरूनही ओळखू येते. आतला मजकूर बराच आहे. आमच्यासारख्या सावकाश इंग्रजी वाचणाऱ्यांनी घाई करू नये, दोन तास तरी द्यावेत. साथ कशी आली आणि घराघरांतून कशी फिरली, हे येथे क्रमाने वाचता येते. शिशाच्या खाणींचा व गावच्या इतर उद्योगांचा भागही आहे; तो आम्ही भरभर पाहिला.

खरे मोल मात्र बाहेर, रस्त्यावर आहे. चर्चजवळच्या दगडी घरांवर पाट्या लावलेल्या आहेत आणि त्या घरात कोण कोण गेले, ते त्यांवर नावानिशी लिहिले आहे. त्याच घरांत आज लोक राहतात, खिडक्यांत फुलझाडे ठेवतात. म्हणून पाट्या वाचताना आवाज खाली ठेवावा. मी तेथे बराच वेळ उभा राहिलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत आमच्या नात्यातील घरे जमीनदोस्त झाली. जुन्या गावठाणात कोणत्या जोत्यावर कोणाचे घर होते, हे बोट दाखवून सांगणारी माणसे आता दरवर्षी कमी होत आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मजुराचे नाव त्याच्या दारावर वाचायला मिळते, तेव्हा आपल्याकडे हे काम अजूनही करता येईल, ही गोष्ट मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोनी मिडलटनच्या वाटेवरील शिवेचा दगड पाहिला. त्यात सहा खळगे आहेत. ईमची माणसे त्यांत व्हिनेगर घालून नाणी ठेवत, कारण त्याने रोग धुऊन निघतो अशी समजूत होती, आणि शेजारच्या गावचे लोक अन्नधान्य ठेवून नाणी उचलत. चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशायर यांनीही अन्न पुरवले. माझी आजी सांगे, की गाठीच्या तापात आपली माणसे गाव सोडून रानात पाले टाकत आणि पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे लोटून येत. तो पुढच्या गावाने आणखी पुढे लोटायचा. त्या दगडावर हात ठेवल्यावर आजीचा तो गाडा आठवला, आणि ईमच्या लोकांनी तो आपल्याच दारात थांबवून धरला होता, हे नीट समजले.

सोयींबद्दल थोडक्यात सांगतो. शेफिल्डहून बस मिळते, पण परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी. संग्रहालय हिवाळ्यात बंद असते. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ककलेट डेल्फमध्ये स्मरणप्रार्थना होते, तेव्हा जाता आले तर उत्तमच. एका चहाच्या दुकानात शाकाहारी म्हणून विचारून घेतलेल्या सूपमध्ये मांसाचे तुकडे निघाले. त्यांनी क्षमा मागून पैसे परत केले, परंतु माळकरी मंडळींनी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी, हेच बरे.

रायली ग्रेव्हज् शेवटी पाहाव्यात. गावाबाहेरच्या चढावर, गवताळ रानात, गोल दगडी कुंपणाच्या आत हँकॉक कुटुंबाच्या शिळा आहेत. ऑगस्ट १६६६ मध्ये एलिझाबेथ हँकॉक हिने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले येथे स्वतःच्या हातांनी पुरली. चढ फार नाही, गुडघेदुखी असलेल्या माझ्या पत्नीनेही तो थांबत थांबत पार केला. मात्र पाऊस झाल्यावर वाट निसरडी होते, म्हणून चांगले बूट घालूनच जावे.