केनिया आठ दिवस: गाइडला पैकीच्या पैकी, कंपनी काठावर पास

आंब्याचा हंगाम आटपला, कलमांना खत घालून झालं आणि जुलैत आम्ही दोघं देवगडातल्या धो धो पावसातून केनियाच्या धुळीत जाऊन पडलो. अठरा माणसं, तीन गाड्या, माणशी दोन लाख चाळीस हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, फोनवर भांडून झालंय.

केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, प्रवाशांनासुद्धा. हे आधी सांगायला काय जात होतं? नैरोबीच्या विमानतळावर माझा चिवडा ह्यांच्या पंचात बांधावा लागला. कुळथाचं पीठ कसंबसं डब्यात कोंबलं.

सिंह-जिराफ दिसले, त्यांचे फोटो सगळेच टाकतात. मी गेले होते ओल पेजेटा अभयारण्यातल्या मायलेकींसाठी. नाजिन आणि फातू. उत्तरी पांढऱ्या गेंड्यांपैकी जगात उरलेल्या या दोनच, दोन्ही माद्या. शेवटचा नर, सुदान, मार्च 2018 मध्ये गेला. शिंगांपायी जातच संपवली माणसांनी. आता त्यांच्याभोवती रात्रंदिवस बंदूकवाले. फातूची अंडी काढून, मेलेल्या नरांचं गोठवून ठेवलेलं वीर्य वापरून भ्रूण तयार केलेत. ते दक्षिणी जातीच्या मादीच्या पोटात वाढवायचा खटाटोप चाललाय. हे सगळं गाइडने सावकाश, मला कळेल अशा हिंदी-इंग्रजीत सांगितलं. ह्यांचं आपलं एकच, "गो, ही तर आपल्या म्हशीसारकी चरता!"

आणि इथे कंपनीने दिला किती वेळ? पाऊण तास! वाटेत लाकडी मुखवट्यांच्या दुकानात मात्र अडीच तास बसवलं. मायलेकींना बघायची फी वेगळी, तीही तिथे पोचल्यावर कळली.

नाकुरू सरोवरात पाणी 2010 नंतर चढत गेलंय, जुनं प्रवेशद्वारही बुडालं. काठावरची बाभळीसारखी झाडं पाण्यात उभ्या उभ्या वाळलेली. खारबंधारा फुटून मळ्यात खारं पाणी शिरलं की आमच्याकडे असंच दिसतं, त्यामुळे मला तिथून हलवेना. अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात उलटं. किलिमांजारोकडून जमिनीखालून येणाऱ्या पाण्यावर तिथली दलदल जगते, हत्ती तिथेच पोटापर्यंत उभे. बाकी नुसता फुफाटा. 2022 च्या दुष्काळात नऊ महिन्यांत देशभरात 205 हत्ती मेले, असं गाइड म्हणाला. ग्रेव्हीचे झेब्रे 49. आधीच दोन-तीन हजार उरलेली ही जात, त्यातले एकोणपन्नास.

जेवण ठीक. 'जैन मिळेल' म्हणाले होते, मिळाला रोज राजमा.

जायचं असेल तर दुकानं गाळायला सांगा, ओल पेजेटाला पूर्ण दिवस मागा, तोही लेखी. आणि खाऊ कापडी पिशवीत भरा. ह्यांच्या पंचाला अजून चिवड्याचा वास येतो.