प्लेन टेक, लाटेक, कॉन्टेक्स्ट की ग्रॉफ: परवाना बघून काय निवडावं?

मजकुरात मांडणीच्या खुणा लिहिल्या की छपाईजोगी पानं तयार करून देणारे हे चार प्रोग्राम. फुकट तर चारही आहेत. त्यामुळे जळगावला प्रबंध लिहिणाऱ्यानं, अमळनेरच्या क्लासवाल्यानं किंवा अहिराणी कवितासंग्रह काढणाऱ्या धुळ्याच्या प्रकाशकानं किमतीवरून निवड करण्यात अर्थ नाही. खरा फरक पुढं पडतो: मॅक्रोची, म्हणजे मांडणीच्या तयार आज्ञांची, फाइल आपल्या सोयीनं बदलून दुसऱ्याला दिली, की परवाना आड येतो का?

एक भीती आधीच काढून टाका. चारपैकी कशावरही केलेली पीडीएफ तुमचीच. पुस्तक विका, प्रश्नसंचाचे पैसे घ्या. जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याचं नाव ऐकून आपलं पुस्तकही सगळ्यांना खुलं करावं लागेल असं अनेकांना वाटतं, तसं काही नाही.

प्लेन टेक डोनाल्ड क्नुथ यांचं. मूळ फाइल न बदलता हव्या तितक्या प्रती वाटा. बदललीत तर नाव दुसरं द्या. अट एवढीच. वर्षानुवर्षं जवळपास स्थिर असल्यानं जुन्या फाइली आजही चालतात. पण प्रकरणं, अनुक्रमणिका, तळटीपांचे क्रमांक हे बरंचसं स्वतः लिहावं लागतं. प्रबंधासाठी या वाटेला जाऊ नका.

लाटेकचा परवाना एलपीपीएल (लाटेक प्रोजेक्ट पब्लिक लायसन्स), त्याची चालू आवृत्ती 1.3सी, 2008 सालची. आधीच्या आवृत्त्यांत बदललेल्या फाइलचं नाव बदलणं सक्तीचं होतं. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मंडळींशी बरीच चर्चा झाली आणि 1.3 मध्ये ती अट सैल झाली. आता नाव तेच ठेवता येतं, मात्र फाइल चालताना आपण बदललेली प्रत आहोत हे तिनं स्पष्ट सांगायला हवं. शिवाय काय बदललं याची नोंद आणि मूळ प्रत, किंवा ती कुठं मिळेल याची माहिती, सोबत द्यावी लागते.

तरी आमचा सल्ला नाव बदलण्याचाच. समजा विद्यापीठाच्या समासांप्रमाणे आर्टिकल क्लास, म्हणजे लाटेकमधला लेखाचा तयार साचा, बदलायचा आहे. टेक लाइव्हच्या (टेक, लाटेक आणि सोबतच्या फाइलींचा एकत्र संच) फोल्डरमधली मूळ फाइल तिथंच बदलू नका, पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल. तिची प्रत ‘खान्देशप्रबंध’ नावानं आपल्या होम फोल्डरमधल्या टेक्सएमएफ, त्यात टेक, त्यात लाटेक या फोल्डरमध्ये ठेवा. मग फाइलच्या वरच्या भागातली ‘प्रोव्हाइड्सक्लास’ ओळ शोधून तिथलंही नाव बदला. हे राहिलं तर मागितलेला क्लास एक आणि फाइल सांगते दुसराच, अशी सूचना दर वेळी येत राहते. वरचा परवान्याचा मजकूर काढू नका. त्याखाली तारीख आणि बदल लिहा. एवढं केलं की फाइल विभागातल्या सगळ्यांना बिनधास्त द्या.

कॉन्टेक्स्ट नेदरलँड्सच्या प्राग्मा एडीईचं. कोड जीपीएलखाली आहे, म्हणजे त्यात बदल करून तो कोड बाहेर दिलात तर त्याच परवान्यानं आणि स्रोतासकट द्यावा लागतो. आपल्याजवळच ठेवलात तर काहीच बंधन नाही. पुस्तकाची मांडणी यात फार देखणी होते. रोज पुस्तकंच करणाऱ्या छापखान्यानं जरूर शिकावं. प्रबंधवाल्याला मात्र अडल्यावर विचारायला माणूस मिळणं कठीण.

ग्रॉफही जीपीएलखालीच. इंग्रजी पत्रं, मॅन्युअल यांसाठी हलकं आणि वेगवान. देवनागरी जोडाक्षरं जुळवणं त्याला जमत नाही, म्हणून मराठीसाठी सोडून द्या.

गाडी खरी अडते ती सोबतच्या पॅकेजांत (जोड सोयींच्या फाइलींत) आणि फॉन्टांत. सीटॅनवर, म्हणजे टेकच्या पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यावर, सगळं सारखं मोकळं नाही. काहींवर व्यावसायिक वापराला मनाई असते. टेक लाइव्हमध्ये असं काही घेत नाहीत, म्हणून युआरडब्ल्यू कंपनीचा गॅरामंड फॉन्ट तिथं मिळत नाही, वेगळा उतरवावा लागतो. एखाद्या पॅकेजबद्दल शंका असेल तर टर्मिनलवर टीएलएमजीआर या टेक लाइव्हच्या पॅकेज सांभाळणाऱ्या आज्ञेला ‘इन्फो’ आणि पॅकेजचं नाव द्या, परवान्याची ओळ समोर येते.

पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या प्रबंधाच्या टेम्प्लेटमध्ये बहुधा परवान्याचा शब्दही नसतो. तो नाही म्हणजे मोकळीक आहे असा अर्थ होत नाही: 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लिहिणाऱ्याकडे आपोआप राहतो. ज्यानं केलं त्याच्याकडून एलपीपीएलची एक ओळ टाकून घ्या.

फॉन्ट ओएफएल या खुल्या फॉन्ट-परवान्याचे घ्या: आयआयटी मुंबईचा शोभिका, लोहित, नोटो सेरिफ देवनागरी. छापून विकायला मनाई नाही. फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. छापखान्यांतले जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट इथं चालवू नका, युनिकोडमधला मजकूर त्यांत उमटतच नाही. फॉन्ट लावताना फॉन्टस्पेक या लाटेकच्या पॅकेजला स्क्रिप्ट देवनागरी असल्याचं सांगा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते. लुआलाटेक (लाटेक चालवायचा एक प्रकार) वापरत असाल तर रेंडरर, म्हणजे अक्षरं जुळवणारा भाग, हार्फबझ हेही लिहा. पीडीएफलाटेक हा दुसरा प्रकार या कामाला घेऊ नका. अहिराणीसाठी भाषा मराठीच ठेवा.

टेक लाइव्हचं आयएसओ, म्हणजे सगळा संच असलेली एकच फाइल, एकदा उतरवून कॉलेजच्या सगळ्या संगणकांवर टाकायला परवान्याची आडकाठी नाही. तालुक्याच्या ठिकाणी नेट रखडत असेल तर हेच करा. फाइल 4 जीबीहून मोठी आहे, त्यामुळे फॅट32 पेनड्राइव्हवर ती बसत नाही. आधी तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.