टॉवेल कारखान्याचा हिशेब आणि एसक्यूलाइट

मी सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिते. यातले काही कारखाने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहेत, तर काही पूर्व भागात घरालाच लागून. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली काचेची खोली. तिथे एक कम्प्युटर, एक प्रिंटर आणि सगळ्यावर बसलेले कापसाचे बारीक तंतू. कम्प्युटर जो वापरतो त्याचं शिक्षण कॉमर्सचं, किंवा तेवढंही नसतं. अशा जागी डेटा कशात ठेवायचा, या प्रश्नाचं माझं उत्तर आता पक्कं झालं आहे: एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस. आंधळेपणाने वापरलं तर ते त्रासही देतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट, त्याला सर्व्हर नाही. मोठ्या डेटाबेसचं इन्स्टॉलेशन म्हणजे विंडोजमध्ये एक सर्व्हिस चालू ठेवा, पोर्ट उघडा, पासवर्ड सांभाळा. त्यात कुणी नवा अँटीव्हायरस टाकला आणि ती सर्व्हिस बंद पडली, की शनिवारी पगाराच्या वेळी फोन येणार आणि बाहेर कारागीर रांगेत उभे राहणार. एसक्यूलाइट माझ्या प्रोग्रामच्या पोटातच बसतं. एक मेगाबाइटच्या आतली लायब्ररी आणि डेटाची एकच फाइल. प्रोग्राम उघडला की डेटाबेस उघडला. डी. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली लिहायला घेतलं, त्यालाही हेच कारण होतं. ते अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्राम नुसता एरर दाखवायचा. मग सर्व्हर मधे हवाच कशाला, असा विचार करून त्यांनी थेट फाइलवर चालणारं काहीतरी लिहिलं. आज तेच प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये, आयफोनमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये आहे. कोड पब्लिक डोमेनमध्ये असल्यामुळे लायसन्सचा एक पैसा लागत नाही. मूळ कोडच्या कित्येक पट मोठा नुसता टेस्टचा कोड ते सांभाळतात, आणि २०५० पर्यंत ते चालू ठेवायचा त्यांचा इरादा आहे. ज्या मालकाकडे आजोबांच्या काळातल्या लाल कापडी वह्या अजून कपाटात आहेत, त्याला मी हे आवर्जून सांगते.

आता लाईट. उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि यूपीएसची बॅटरी बहुतेक ठिकाणी मेलेलीच असते. एका कारखान्यात दिवाणजींबरोबर पगाराचं काम बघत बसले होते. शनिवारची दुपार. जतनचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी माग थांबले, खोलीत एकदम शांत झालं, स्क्रीन काळी पडली.

‘‘ताई, लाईट गेली की ओ. आत्ताची एंट्री गेली का राहिली?’’

‘‘काका, एक तर पूर्ण राहिली असंल, नाहीतर पूर्ण गेली असंल. अर्धी नसणार.’’

लाईट आल्यावर उघडून पाहिलं तर ती एंट्री नव्हती. मजुरीची ओळ नाही, उचलीची वजावट नाही, बाकीही जुनीच. काकांनी पुन्हा भरली, काम पुढे गेलं. मजुरी जमा होऊन उचल कापायची राहिली असती, तर तो घोळ महिन्याअखेरीस कुणालाही सापडला नसता. ही खात्री कुठून येते ते प्रोग्राम लिहिणाऱ्याला माहीत पाहिजे. वाल मोडमध्ये (वाल म्हणजे राइट-अहेड लॉग, आधी नोंदवहीत लिहायची पद्धत) एसक्यूलाइट नवे बदल मूळ फाइलमध्ये लगेच लिहीत नाही. शेजारी एक ‘-वाल’ नावाची फाइल असते, तिच्या शेवटी ते बदल जोडत जातं आणि व्यवहार पुरा झाला की तशी खूण करतं. पुन्हा उघडताना खुणेपर्यंतचं खरं मानलं जातं, त्यापुढचं अर्धवट तसंच सोडून दिलं जातं. हा मोड २०१० पासून आहे आणि तो स्वतः चालू करावा लागतो. दुसरा फायदा असा, की एकीकडे एंट्री चालू असताना दुसरीकडे रिपोर्ट छापता येतो, कुणी कुणाला अडवत नाही.

इथे एक सेटिंग आहे, सिंक्रोनस. लिहिलेलं डिस्कवर पक्कं उतरेपर्यंत किती थांबायचं ते त्यावर ठरतं. वेग वाढवायला ते ‘नॉर्मल’ करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. वाल मोडमध्ये त्याने फाइल खराब होत नाही हे खरं, पण लाईट गेली तर शेवटचे काही पुरे झालेले व्यवहारही जाऊ शकतात. पगाराच्या कामात मी ‘फुल’च ठेवते. दिवसाला काही शेकडा नोंदी होतात, तिथे वेग वाचवून करायचं काय? आणि हो, लाईट गेल्यावर मागे राहिलेली ती ‘-वाल’ फाइल कचरा समजून पुसायची नाही. तिच्यात खरा डेटा असतो. हे मी कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवते.

मला सगळ्यात खटकतं ते याचं रकान्याच्या प्रकाराबाबतचं सैलपण. आकड्याच्या रकान्यात अक्षरं टाकली तरी एसक्यूलाइट मुकाट्याने घेतं. याने काय होतं ते एका कारखान्यात पाहिलं. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं जुनं सॉफ्टवेअर तिथे होतं, ते सांभाळायला माझ्याकडे आलं. तक्रार एकच: उचलीचा हिशेब जुळत नाही. कागदाच्या चिठ्ठ्यांची बेरीज एक, कम्प्युटरची दुसरी, आणि कम्प्युटरची कायम कमी. मालकांचा संशय दिवाणजींवर. वीस-पंचवीस वर्षं त्या खुर्चीत बसलेला माणूस माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता.

फाइल माझ्या लॅपटॉपवर घेऊन उचलीच्या रकान्यावर टाइपऑफ चालवलं, म्हणजे कुठली नोंद कुठल्या प्रकारात साठवली आहे ते विचारलं. बहुतेक नोंदी आकडा म्हणून होत्या, मधूनमधून काही टेक्स्ट म्हणून. त्या उघडल्या तर आत देवनागरी अंक: ५००, १०००, १५००. नाव मराठीत लिहिताना कीबोर्ड मराठीवर असायचा, पुढच्या रकान्यात रक्कमही त्याच कीबोर्डवर टाइप व्हायची. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसायचं. पण एसक्यूलाइटला आकडा म्हणून इंग्रजी अंकच कळतात. देवनागरी ५०० त्याच्या लेखी नुसता मजकूर, आणि सम, म्हणजे बेरीज, करताना अशा मजकुराची किंमत शून्य. म्हणजे मराठी कीबोर्डवर टाइप झालेली प्रत्येक उचल बेरजेतून गायब. मी स्क्रीन मालकांकडे वळवली आणि एकेक चिठ्ठी काढून जुळवून दाखवली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘काका, बसा. उभं कशाला?’’

यावर उपाय आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३.३७ आवृत्तीपासून टेबल ‘स्ट्रिक्ट’ करता येतं. मग आकड्याच्या रकान्यात असा मजकूर शिरतच नाही, तिथल्या तिथे एरर येते. माझी सगळी टेबलं आता स्ट्रिक्ट आहेत, रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवते, आणि देवनागरी अंक आले तर डेटाबेसपर्यंत जाण्याआधीच प्रोग्राम ते बदलून घेतो. पण हे डिफॉल्ट असायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. फॉरेन कीचंही तसंच, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलात असलीच पाहिजे या नियमाचं. टेबलात लिहिलेली असली तरी ती पाळली जावी म्हणून प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा (सेटिंग बदलायची आज्ञा) देऊन चालू करावी लागते. जुन्या प्रोग्राम्सना धक्का नको म्हणून त्यांनी ते बंद ठेवलं आहे, हे कळतं. तरी नव्याने शिकणारा पोरगा यात हमखास अडकतो. तारखेचा वेगळा प्रकार नाही, म्हणून वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मजकूर ठेवायचा, म्हणजे क्रमवारी आपोआप बरोबर लागते.

मराठीचे आणखी दोन प्रश्न आहेत, आणि कुठल्या मार्गदर्शिकेत ते मला सापडले नाहीत. पहिला शोधाचा. एफटीएस ५ हे शब्द शोधायचं अंग फार वेगवान आहे. पण त्याचा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. आपल्या काना, मात्रा, वेलांटीला तो शब्द तोडायची जागा समजतो. ‘माने’ शोधलं की ‘मीना’सुद्धा हजर, कारण दोन्हींचे तुकडे म आणि न असेच होतात. टेबल बनवताना त्या टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’मध्ये एमसी आणि एमएन हे युनिकोडमधले मात्रांसारख्या खुणांचे दोन गट वाढवायचे, मग मात्रा शब्दातच राहतात. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ माहीत पाहिजे.

दुसरा क्रमवारीचा. हजेरीपट मराठी वर्णमालेप्रमाणे लागला पाहिजे, नाहीतर कारागिराला आपलं नाव सापडत नाही. आमच्याकडे अनेकांची घरची बोली तेलुगू, पण हजेरीपट मराठीतच असतो आणि वर्णमाला शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते. एसक्यूलाइट युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला दिलेल्या आकड्याप्रमाणे क्रम लावतं, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या मागोमाग, ‘व’च्या आधी आहे. म्हणून काळे आधी, मग काशीद, मग कासार. आपल्याकडे ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, तेव्हा काळे शेवटी हवा. यासाठी स्वतःचं कोलेशन, म्हणजे क्रम लावायचा नियम, लिहून जोडता येतं. सी-शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेतून ते जोडायला फार ओळी लागत नाहीत आणि इंडेक्सही (पटकन शोधायची सूची) त्यावर बनतो. इतकं लवचीक असणं मला मनापासून आवडतं. फक्त तोच इंडेक्स बाहेरच्या टूलने उघडला तर त्या टूलला आपलं कोलेशन माहीत नसतं आणि ते तक्रार करतं, एवढं लक्षात ठेवा.

बॅकअपची गोष्ट मालकांना सगळ्यात जास्त पटते. संध्याकाळी बंद करताना पेन ड्राइव्ह लावायचा, एक बटण दाबायचं. मागे ‘व्हॅक्यूम इन्टू’ ही एसक्यूलाइटची आज्ञा चालते आणि त्या क्षणाची एक सलग, पूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर तयार होते. प्रोग्राम चालू असताना मूळ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करू नका, कारण ताजे बदल ‘-वाल’मध्ये असू शकतात आणि प्रत अपुरी निघते. पेन ड्राइव्हवरची ती फाइल कुठल्याही कम्प्युटरवर, डीबी ब्राउझरसारख्या फुकटच्या प्रोग्राममध्ये उघडते. म्हणजे मालकांना उद्या माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाकडे काम द्यायचं झालं, तर त्यांचा डेटा माझ्याकडे अडकून राहत नाही. पहिल्याच भेटीत मी त्यांना ती फाइल दाखवते आणि सांगते, ‘‘अण्णा, ही तुमची वही. माझं काम फक्त लिहायचं.’’

आता कुठे वापरू नये. वर ज्या जुन्या सॉफ्टवेअरचं सांगितलं, त्याची फाइल नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवलेली होती. ऑफिसचा कम्प्युटर आणि गोदामाचा कम्प्युटर, दोघंही तिच्यावरच लिहायचे. उचलीचा घोळ सुटल्यावर ते पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो, आणि आता कोण लिहितंय हे ते फाइलच्या लॉकवरून ठरवतं. नेटवर्क फोल्डरवर हे लॉक भरवशाचे नसतात. दोघांनी एकदम लिहिलं तर फाइलच मोडू शकते. वाल मोड तर नेटवर्कवर चालतच नाही, ते त्यांच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे. तिथे मी फाइल ऑफिसच्या कम्प्युटरवर आणली आणि एक छोटा प्रोग्राम बसवला. गोदामवाला आता त्या प्रोग्रामशी बोलतो, फाइलला हात लावत नाही. लिहिणारा आधीच कुणी असेल तर लगेच एरर न देता थोडं थांबावं, म्हणून बिझी टाइमआउट काही सेकंदांचा ठेवला आहे. दोन-तीन कम्प्युटरना हे पुरतं.

पण चाटी गल्लीतल्या एका कापड दुकानदारांनी विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले. सहा-सात काउंटर, लग्नसराईत सगळीकडे एकदम बिलं, शिवाय दुसऱ्या शाखेतून स्टॉक बघायचा. तिथे पोस्टग्रेस हा सर्व्हरवाला डेटाबेस बसवला. फाइलच्या आकाराची अडचण नव्हती, एसक्यूलाइटची कमाल मर्यादा २८१ टेराबाइट आहे आणि तेवढा डेटा अख्ख्या बाजारपेठेचाही होणार नाही. अडचण एकदम लिहिणाऱ्या हातांची होती.

राहिला पासवर्ड. मूळ एसक्यूलाइटमध्ये तो नाहीच. युजर नाहीत, परवानग्या नाहीत, फाइल ज्याच्या हाती तो सगळं वाचू शकतो. पगार, उचल, कुणाची किती बाकी, हे एमआयडीसीच्या चहाच्या टपरीवर जाऊ नये असं कारागिरालाही वाटतं आणि मालकालाही. फाइल एन्क्रिप्ट करायचं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करायचं, एक्स्टेंशन एसक्यूलाइटवाल्यांकडून विकत मिळतं, आणि त्यासाठी दुसरा ओपन सोर्स पर्यायही आहे. लहान कारखान्यात मी पेन ड्राइव्हच विंडोजच्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट करून देते. त्याची किल्ली छापून मालकांच्या तिजोरीत ठेवायला लावते, आणि किल्ली ठेवल्याशिवाय पहिला बॅकअप घेऊ देत नाही.